ओव्हाळांचा चौथा पाइप

आमच्या संस्थेत शिपाई, अटेंडंट, माळी, झालंच तर कँटीनवाला, या सगळ्यांना ‘मामा’ म्हणायची पद्धत होती. नाव लक्षात ठेवायचे कष्ट वाचतात आणि वर आपण किती आपुलकीने वागतो असंही वाटतं. १९९६च्या जुलैत मी पीएच.डी.साठी तिथल्या गाळाच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा शिरले आणि चाळण्या धूत उभ्या असलेल्या गृहस्थांना म्हटलं, "मामा, भानू सर कुठे बसतात?" त्यांनी चाळणी उलटी करून तीनदा आपटली, हात पुसले आणि म्हणाले, "सर दुसऱ्या मजल्यावर. मी सुखदेव ओव्हाळ. मामा तुमचे घरी असतील."

मला राग आला. कसबा पेठेतल्या मुलीला टोमणे मारायची सवय असते, खायची नसते. पण त्या दिवसापासून मी त्यांना ओव्हाळ म्हणायला लागले आणि ते मला उल्का मॅडम. चहा आणून देणं आपल्या कामात बसत नाही, असं ते प्राध्यापकांनासुद्धा तोंडावर सांगत. स्वतः प्यायला निघाले की मात्र "येताय का?" असं विचारत, आणि गेलो तर शेजारी बसवून सकाळच्या अग्रलेखावर बोलत. अग्रलेख वाचला नसेल तर ते आपल्याकडे जरा दयेने बघत. मी लवकरच पेपर वाचून यायला लागले.

ओव्हाळ मूळचे लोणी काळभोरचे. छप्पन साली वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा ते चार वर्षांचे होते. मॅट्रिक झाल्यावर ते बोअरवेलच्या गाडीवर लागले आणि पंधरा वर्षं त्यांनी महाराष्ट्रभर जमिनीला भोकं पाडली. माझे मार्गदर्शक डॉ. गोपाळकृष्ण भानू यांनी त्यांना तिथूनच उचललं. कारण एवढंच, की भोकातून वर आलेल्या मातीची चिमूट हा माणूस दातांखाली धरायचा आणि खाली काय लागणार ते सांगायचा. कचकच लागली तर बारीक रेती मिसळलेली, जिभेवर लोण्यासारखी पसरली तर निव्वळ चिकणमाती. भूगर्भशास्त्रवाले जगभर असंच करतात. आम्हाला ते एम.एस्सी.ला शिकवलं होतं आणि आम्ही नाकं मुरडली होती.

संस्थेत ओव्हाळ अकरा वर्षं रोजंदारीवर होते. एकोणनव्वद दिवस भरले की चार दिवस ‘ब्रेक’, मग पुन्हा नवीन नेमणूक. त्यामुळे नोकरी सलग दिसत नाही आणि माणसाला कायम करायची वेळ येत नाही. ही युक्ती ज्या कोणाला सुचली त्याला स्वतःला नक्कीच पेन्शन असणार. नव्वदनंतर सरकारने खर्चाला कात्री लावली आणि रिकाम्या जागा एकेक करून रद्द व्हायला लागल्या. शेवटी आमच्या विभागात अटेंडंटची एकच जागा उरली. ती एकतीस मार्च १९९९पर्यंत भरली नाही तर कायमची जाणार होती. ओव्हाळांची फाइल तयार होती. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला त्यानंतर दुसरी संधी नव्हती आणि हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. त्या फाइलवर भानू सरांचा शेरा तेवढा यायचा होता.

आता माझ्या कामाबद्दल. गोदावरी आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि पार तिकडे आंध्रात समुद्राला मिळते. मिळताना ती फाटे फोडत पसरते आणि हजारो वर्षांचा गाळ टाकत जाते. त्या त्रिभुज प्रदेशात उभा पाइप ठोकला की गाळाचे थर जसेच्या तसे पाइपात भरून वर येतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. मधे कुठे शिंपला, कुठे खारफुटीचं लाकूड सापडतं. झाड जिवंत असताना त्यात एका प्रकारचा कार्बन असतो, मेल्यावर तो ठरलेल्या गतीने कमी होत जातो. किती उरला ते मोजलं की झाड केव्हा मेलं ते कळतं. कुठला थर खारफुटीचा, कुठला खोल पाण्याचा आणि त्यांची वयं काय, एवढं जुळवलं की समुद्र केव्हा आत आला आणि केव्हा मागे गेला ते सांगता येतं. दहा हजार वर्षांपूर्वी हवामान बदललं तेव्हा किनाऱ्याचं काय झालं, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत आम्ही तिकडे गेलो. भाताच्या खाचराच्या कडेला तिवई उभी करायची, कप्पीवरून वजन ओढून सोडायचं आणि मीटर मीटर लांबीचे पीव्हीसी पाइप एकामागून एक खाली घालायचे. पाइप वर आला की ओव्हाळ वरच्या टोकाला लाल टोपण लावत आणि खालच्या टोकाला काळं. लाल वर, काळं खाली, एवढंच. तिसऱ्या भोकातला चौथा पाइप वर आला आणि त्याचं लाल टोपण आमच्याच जीपखाली येऊन फुटलं. शिल्लक लाल टोपण नव्हतं. ओव्हाळांनी दोन्हीकडे काळी टोपणं लावली. त्याआधी करवतीच्या पात्याने वरच्या कडेला बोटभर खाच पाडली आणि मला सांगितलं, "मॅडम, खाच म्हणजे वर. लिहून घ्या." मी लिहितच होते. मी "हो" म्हणाले.

पाइप मे महिन्यात उघडले. पाइप उभा चिरायचा, गाळाचे दोन अर्धे करायचे, एक अर्धा कामाला घ्यायचा आणि दुसरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून शीतखोलीत राखीव ठेवायचा. एरवी हे काम ओव्हाळ आणि मी मिळून करायचो. त्या आठवड्यात त्यांचा ब्रेक होता. मला थांबता आलं असतं. पण माझा भाऊ आमोद नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता, घरात त्याचा पहिला कॉम्प्युटर आला होता, आणि मी अजून चिखलात हात घालून बसले आहे यावर रोज जेवताना चर्चा व्हायची. मला काहीतरी पुरं करून दाखवायचं होतं. चौथ्या पाइपला दोन्हीकडे काळी टोपणं दिसली. वहीत पाहिलं तर लिहिलं होतं, ‘टोपण फुटले, काळे लावले.’ पुढे काही नाही. तिसऱ्या पाइपच्या तळाशी काळा चिखल होता आणि चौथ्याच्या एका टोकालाही काळा चिखल होता. काळ्याला काळा जुळला. एका कडेला खाच दिसली, ती मला प्रवासात तडकल्यासारखी वाटली. मी मार्कर घेतला, काळ्या चिखलाच्या टोकाला इंग्रजीत ‘टॉप’ लिहिलं आणि पाइप चिरला.

लाकडाचे आणि शिंपल्यांचे तुकडे दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेले. तिथे देशभरातल्या नमुन्यांची रांग. वयं यायला नऊ महिने लागले. नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये एका सोमवारी पाकीट आलं. तिसऱ्या पाइपचा तळ चार हजार सहाशे वर्षं. ठीक. चौथ्याचा वरचा भाग सात हजार नऊशे. चौथ्याचा खालचा भाग पाच हजार शंभर. पाचवा आठ हजार दोनशे. जुन्याच्या खाली नवं. भानू सरांनी कागद एकदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गोदावरीने काही खास तुमच्यासाठी उलटा गाळ टाकलेला नाही. पाइप उलटा आलाय. खुणा कोण करत होतं?"

खुणा ओव्हाळ करायचे. मी तसं म्हणाले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"अकरा वर्षं हेच काम करतोय तो," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, निराशा होती, आणि ती जास्त वाईट. "शुक्रवारी मला त्याच्या फाइलवर लिहायचंय. डोळे झाकून चांगलं लिहिणार होतो. एका पाइपमुळे तीन वर्षांचं काम संशयात आलं, आता काय लिहू?"

ही गोष्ट दारापाशी उभ्या असलेल्या हेडक्लार्क बापूरावांनी ऐकली, म्हणजे जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती अख्ख्या संस्थेने ऐकली. ओव्हाळांनीही ऐकली असणार. मंगळवारी सकाळी त्यांनी शीतखोलीची किल्ली घेतली आणि मला म्हणाले, "राखीव अर्धा बघू."

त्यांनी चौथ्या पाइपचा राखीव अर्धा टेबलावर ठेवला, प्लास्टिक सोडलं, वर पाण्याचा फवारा मारला आणि जुन्या ब्लेडने अगदी पापुद्रा काढल्यासारखा गाळ खरवडायला सुरुवात केली. अर्धा तास गेला. काळ्या चिखलातून खारफुटीचं मूळ दिसायला लागलं.

"हे बघा. इथे सुतळीएवढं जाड. पुढे दोरा. पुढे फाटे. तुमच्या वहीप्रमाणे हे मूळ आभाळाकडे चाललंय."

"खारफुटीची मुळं वर येतात," मी म्हटलं. "श्वास घ्यायला. पुस्तकात आहे."

"येतात की. मी काय खारफुटी बघितली नाही? पण वर येणारी सरळसोट येतात, खुंट्यासारखी. त्यांना असे फाटे फुटत नाहीत. हे जमिनीत जाणारं मूळ आहे. पाइप उलटा उघडलाय."

त्यांचं बरोबर होतं. मी भूगर्भशास्त्राची सुवर्णपदकवाली, नऊ महिने त्या गाळाशेजारी बसले होते आणि मला ते मूळ दिसलं नव्हतं. अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणाले, "किंवा मग उलटा भरला असेल."

ओव्हाळांनी ब्लेड खाली ठेवलं. नळाखाली हात धुतले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. "संध्याकाळी घरी या," ते म्हणाले. "हिराला सांगून ठेवतो."

कर्वेनगरला कालव्याच्या कडेने त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मुलीची, सोनालीची, बारावीची पुस्तकं. दारापुढच्या कठड्यावर एका ओळीत आमचे चिरलेले पाइप ठेवलेले होते. विभागात सगळेच ते रिकामे अर्धे पाइप घरी न्यायचे. कोणी पत्र्याखाली पन्हाळीसारखे लावले, कोणी गॅलरीत मांडले. हिरावहिनींनी त्यात माती भरून कोथिंबीर, मेथी आणि एकात लसूण लावला होता. त्या अंगणवाडीत शिकवायच्या आणि बोलायच्याही तशाच, ठणठणीत.

"या. चहा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांना सांगा, आता पुन्हा कोथिंबीर उकरू नका म्हणावं. काल पाइप बघतो, पाइप बघतो करत निम्मी मोडली."

ओव्हाळांनी शेवटच्या पाइपच्या एका टोकाची माती बोटाने बाजूला केली. कडेला खाच होती, करवतीने पाडलेली, सरळ, बोटभर. मग त्यांनी पाइप उचलून दुसरं टोक माझ्याकडे वळवलं. बाहेरच्या बाजूला काळ्या मार्करने भोकाचा नंबर, पाइपचा नंबर आणि ‘टॉप’. माझा इंग्रजी टी आडव्या रेघेच्या शेवटी वर शेपूट काढतो. शाळेत बाईंनी त्यावरून पट्टी मारली होती. शेपूट तिथे होतं.

"मी सांगितलं होतं, खाच म्हणजे वर," ते म्हणाले. "तुम्ही हो म्हणालात."

मला ते खाचर आठवलं, तिवई आठवली, आणि माझं ते "हो" मला स्वच्छ ऐकू आलं.

"सरांना दाखवलंत?"

"नाही."

"का?"

"तुम्हाला दाखवलं ना. आता हाय ते हे असं हाय." घरी बोलताना त्यांचं लोणी काळभोर मधेच बाहेर यायचं. "चहा घ्या, निवतोय."

मी चहा घेतला. हिरावहिनींनी निघताना कोथिंबिरीची जुडी हातात दिली. मोडली होती तीच असावी. मी ती पर्समध्ये कोंबली आणि कसब्यापर्यंत बसमध्ये त्या वासात बसून आले.

यानंतर मी दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे गेले असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेले नाही. बुधवारी सकाळी मी स्वतःला सांगितलं की सर कामात आहेत. दुपारी सांगितलं की आधी नीट मुद्दे काढावेत. संध्याकाळी आमोदने जेवताना सॉफ्टवेअरच्या एका कोर्सचा फॉर्म पुढे सरकवला. दोन हजार साल लागलं की जगभरची कॉम्प्युटरं बंद पडणार आहेत आणि ती चालू ठेवायला कोणीही चालेल, असं तो म्हणाला. ‘कोणीही’मध्ये मी होते. मी फॉर्म भरला. विचार असा, की मी प्रबंधच सोडला तर चूक कोणाची हा प्रश्नच उरत नाही. पण ओव्हाळांसाठी तो उरणारच होता, आणि हे मला फॉर्म भरतानाही माहीत होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि मला स्वतःची किळस आली होती. तरी मी सही केली.

ओव्हाळ रोजच्यासारखे कामावर येत होते. बुधवारी त्यांनी बिघडलेला तराजू दुरुस्त केला. गुरुवारी मला विचारलं, "येताय का?" मी डोकं दुखतंय म्हटलं. ते बरं म्हणाले आणि एकटे गेले. त्यांच्या नजरेत मी काहीतरी शोधत होते, निदान तिरस्कार तरी. तोही नव्हता.

गुरुवारी दुपारी सरांनी मला बोलावलं. विभागात मराठी टायपिंग कॉम्प्युटरवर करता येणारी मी एकटीच होते. सरांनी सांगितलं, मी टाइप केलं. ‘श्री. सुखदेव ओव्हाळ हे गेली अकरा वर्षे रोजंदारीवर कार्यरत आहेत. कामाचा अनुभव चांगला. तथापि, क्षेत्रकामात नमुन्यांवर खुणा करण्याच्या कामी त्यांच्याकडून हलगर्जी झाल्याचे आढळले आहे. सबब, कायम नेमणुकीची शिफारस तूर्त करता येत नाही.’ तूर्त या शब्दाशी माझी बोटं अडली. एकतीस मार्चनंतर तूर्त असं काही उरणारच नव्हतं. प्रिंटर कर्कश आवाज करत एकेक ओळ काढत राहिला. सर म्हणाले, "ठेवा टेबलावर. उद्या सकाळी सही करतो."

तो कागद मी माझ्या हाताने त्यांच्या टेबलावर ठेवला.

शुक्रवारी साडेदहाला मी सरांच्या खोलीत गेले. बापूराव फाइल घेऊन सहीसाठी उभे होते. सरांनी पेनचं टोपण काढलं होतं. मी बसले नाही, बसले असते तर पुन्हा उठता आलं नसतं. मी म्हणाले, "सर, पाइप मी उलटा उघडला. ओव्हाळांनी खाच पाडून वरची बाजू दाखवली होती आणि मला सांगितलंही होतं. मी वहीत लिहिलं नाही. त्यांचा ब्रेक असताना मी एकटीने रंग जुळवून पाइप उघडला. चूक माझी आहे."

बापूरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच काही ऐकू न आल्यासारखं केलं. सरांनी पेनाला टोपण लावलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी संध्याकाळी."

"आणि बुधवार, गुरुवार? काल तर तुम्हीच टाइप केलंत."

"घाबरले होते, सर."

"घाबरायला हरकत नाही," सर म्हणाले. "पण तुम्ही दुसऱ्याच्या जिवावर घाबरत होतात. यापुढे स्वतःच्या जिवावर घाबरत चला." मग त्यांनी तो कागद चार वेळा फाडला. "बसा आणि नवीन टाइप करा. शिफारस जोरदार. आणि तुमची चूक प्रबंधाच्या परिशिष्टात जाईल. तुमच्या नावाने, तुमच्या शब्दांत. खाचेसकट."

पुढचं थोडक्यात सांगते. ओव्हाळांचा कायम नेमणुकीचा हुकूम तीस मार्चला निघाला. चौथा पाइप सुलटा करून वाचला तेव्हा आठ हजार वर्षांपूर्वीची खारफुटी, मग तिच्यावर चढत गेलेला समुद्र आणि तीन हजार वर्षांनी पुन्हा मागे सरलेला किनारा असं सगळं ओळीने लागलं. तीच माझ्या प्रबंधातली सगळ्यात भक्कम गोष्ट ठरली. फॉर्म मी आमोदला परत दिला. त्याने तो दुसऱ्या कोणाला दिला असेल, तेव्हा घेणारे पुष्कळ होते. मी शिकवायला लागले. दर वर्षी नव्या मुलांना मी ते परिशिष्ट पहिल्या आठवड्यात वाचायला देते. मुलं माझ्याकडे बघून हसतात आणि मग आपापल्या वह्या नीट लिहायला लागतात. ओव्हाळ २०१०मध्ये पेन्शनवर निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना कोणीतरी ‘सगळ्यांचे लाडके मामा’ म्हटलं आणि त्यांनी भाषणात ते आधी दुरुस्त केलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या शुक्रवारच्या सकाळचं.

मी सरांच्या खोलीतून बाहेर आले. बाहेरच्या बाकावर ओव्हाळ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी मीटरभर लांब बाहेर आलेलं होतं आणि कागदाच्या फटीतून माती सांडत होती.

"सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरं झालं. मी अकराची वेळ घेतली होती सरांची." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "तुम्ही नसतं सांगितलं तर मी दाखवणार होतो. माझं घर आहे, पोरगी शिकतीय. तुमच्यासाठी मी अकरा वर्षांवर पाणी सोडणार नव्हतो, एवढं समजून असा."

"सोडूही नका," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि बापूराव दारात होते, म्हणून मी रडत नव्हते. "पण मग मंगळवारीच का नाही गेलात? पाइप तुमच्याकडे होता. माझं अक्षर होतं त्याच्यावर."

"मी दाखवलं असतं तर तुम्ही पकडल्या गेला असता," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत म्हणजे तुम्ही सांगितलंत. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं हे काम करायचंय. म्हटलं, दोन दिवस देऊन बघू."

"आणि सरांनी अकराच्या आधीच सही केली असती तर? ते साडेदहालाच पेन घेऊन बसले होते."

ओव्हाळांनी हे आधी विचारात घेतलं नव्हतं असं नाही. त्यांनी सरांच्या दाराकडे पाहिलं, सांडलेली माती हाताने गोळा करून पिशवीत टाकली आणि म्हणाले, "मग झाली असती."

प्रबंधाच्या आभारात मी ‘क्षेत्रकामातील मदतीबद्दल श्री. सुखदेव ओव्हाळ यांची ऋणी आहे’ एवढंच छापलं. विद्यापीठाच्या नमुन्यात तेवढंच बसत होतं. त्यांनी स्वतःची नोकरी पणाला लावून मला दोन दिवस दिले आणि मी ते जवळजवळ संपेपर्यंत वापरले. ओव्हाळ, त्या दोन दिवसांबद्दल मी तुमची आभारी आहे.